भिंतीवरून येणारं पाणी

माझ्या आतोबांइतका पाण्यावर भरवसा ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. माणसं दिलेला शब्द पाळतात यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. सरकारवर तर मुळीच नव्हता, आणि स्वतः सरकारी कचेरीत हेडक्लार्क असल्यामुळे तो अविश्वास चांगला माहीतगाराचा होता. पण पाणी कधी फसवत नाही, हे ते देवाधर्माचं बोलावं तसं शांतपणे सांगत. "त्याला फक्त खालची वाट दाखवायची. मग मधे भिंत आली तरी ते चढून पलीकडे उतरतं." आणि हा भरवसा कुठे, तर पन्नास-साठच्या दशकातल्या बेंगळुरात, जिथे नळाला पाणी आलं की बायका हातातलं काम टाकून धावत. त्यांचं घर जयनगरात होतं. तेव्हाचं जयनगर म्हणजे नुसत्या आखलेल्या रस्त्यांचं गाव. इथे एक घर, तिथे एक घर, मधे नाचणीची शेतं. कॉटनपेठेतल्या आमच्या दाटीवाटीच्या घरातून तिकडे रविवारी जायचं तर आई आम्हांला प्रवासाला निघाल्यासारखे डबे बांधून देई.

लोक खिशात तपकिरीची डबी ठेवतात, पानाची चंची ठेवतात. आतोबांच्या कोटाच्या खिशात लाल रबरी नळीचं वेटोळं असे. तिच्यातून ते जी करामत करत तिला शाळेच्या पुस्तकात वक्रनलिका असा अवघड शब्द होता, आतोबा सायफन म्हणत, आणि आत्या 'तुमची ती नळी' एवढंच म्हणे. एक भांडं उंच आणि एक खाली असं कुठेही दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. एकदा ते आमच्याकडे आले, माजघरातला भरलेला हंडा पाहिला, नळीचं एक टोक आत सोडलं, दुसरं तोंडाने ओढून मोरीत ठेवलं, आणि वडिलांशी कचेरीतल्या बदल्यांवर बोलत बसले. बोलणं संपलं तेव्हा घरातलं दिवसभराचं पाणी गटारातून पार कोपऱ्यापर्यंत पोचलं होतं. तेव्हापासून ते दारात दिसले की आई 'या, बसा' म्हणायच्या आधी हंड्यावर झाकण ठेवी. शेजाऱ्याच्या मोटारीतलं पेट्रोल काढून देताना त्यांनी एकदा घोटभर गिळलं. त्या दिवशी आत्याने त्यांना समईच्या आसपास फिरकू दिलं नाही आणि जेवणही अंगणात वाढलं. आतोबा मात्र प्रत्येक ढेकरेला माफी मागत खूश होते, कारण मोटारीची टाकी पूर्ण रिकामी झाली होती.

आम्हां भावंडांना सायफन कळला तो आत्याच्या लुगड्यामुळे. पाणी नेहमी खाली जातं, मग नळीतून ते आधी वर कसं चढतं, असं मी एकदा विचारलं. आतोबांना कुणी असं विचारलं की त्यांचा चेहरा नुकती बढती मिळाल्यासारखा होई. त्यांनी मला परसात नेलं आणि दोरीवर वाळणारं नऊवारी लुगडं धरून त्याच्या दोन्ही बाजू सारख्या केल्या. "आता पडतंय का?" मी नाही म्हटलं. मग ते एक बाजू हळूहळू ओढत गेले. ती लांब झाली तसं लुगडं आपलं आपण सरकायला लागलं, आणि आखूड बाजू वर चढून दोरीपलीकडे उतरली. "आखूड बाजूला वर कुणी चढवलं? लांब बाजूच्या वजनानं. नळीतलं पाणी म्हणजे हेच लुगडं. बाहेरची बाजू खालपर्यंत गेलेली, म्हणून ती जड. ती उतरताना आतल्या पाण्याला ओढून नेते." माझा धाकटा भाऊ म्हणाला, लुगडं अखंड असतं, पाणी मधेच तुटेल की. आतोबांनी त्याची पाठ थोपटली. "त्याला तुटू देत नाही ती हवा. भांड्यातल्या पाण्यावर हवा बसलेली असते. दिसत नाही, पण तिला वजन असतं. ती पाण्याला दाबून नळीत ढकलत राहते. मात्र नळी आधी भरलेली पाहिजे. रिकाम्या नळीत ओढायला काहीच नसतं, आणि वाटेत हवा शिरली की तिथे लुगडं फाटलं." मग त्यांनी एक पेला स्टुलावर आणि एक जमिनीवर ठेवून पाणी उतरवून दाखवलं. नंतर दोन्ही पेले शेजारी ठेवले, तेव्हा दोघांतलं पाणी एका पातळीला येऊन थांबलं. "आता दोघं सारखे झाले. आता कुणी कुणाला ओढणार नाही," ते म्हणाले. हे सगळं होईपर्यंत लुगडं चिखलात पडलं होतं आणि आत्या दारात उभी होती. ते लुगडं सोवळ्याचं होतं.

इथे आत्याबद्दल सांगायला हवं. ती अंगाने एवढीशी होती, पण तिचं सोवळं भल्याभल्यांना घाम फोडी. पहाटे अंघोळ करून ती सोवळ्यात गेली की स्वयंपाक आणि पूजा होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही, आणि देवाचं व स्वयंपाकाचं पाणी सोवळ्यातल्या माणसानेच आणायचं. घराच्या मागे जमीन उंच होती. तिथे विहीर, विहिरीला लागून दगडी हौद, आणि हौदाला लागून पुरुषभर उंचीची भिंत. भिंतीच्या अलीकडे, थोडी खाली, स्वयंपाकघराची पडवी. आतोबा अंघोळ करून ओल्या पंच्याने विहिरीचं पाणी ओढून हौद भरत, तेवढं आत्याला चाले. पण ते पाणी घागरीने भिंतीला वळसा घालून, पायऱ्या उतरून घरात आणायचं काम तिचंच. आतोबांना ती परवानगी एकदा मिळाली होती. ते भरली कळशी घेऊन येत होते, वाटेत शेजारचा कुत्रा आडवा आला. आतोबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, वर ओंजळभर पाणीही पाजलं. आत्याने कळशी चिंचेने घासघासून आरशासारखी केली आणि त्यांना त्या कामातून कायमचं काढून टाकलं.

तिचा नळीवरचा रागही जुना होता. चामराजपेठेतल्या एका लग्नात आतोबांनी मठ्ठ्याचं मोठं पातेलं चौरंगावर चढवलं, नळी सोडली, तोंडाने ओढली, ओठांशी आलेला घोट चाखून जिऱ्याची तारीफ केली, आणि मग ओळीने पेले भरून दाखवले. पंगतीतली माणसं कौतुकाने बघत असताना वराकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. "ह्यांनी तोंड लावलं ना त्याला?" एवढंच त्या म्हणाल्या. पातेलंभर मठ्ठा उष्टा ठरून गोठ्यात गेला. परतताना घोड्याच्या जटक्यात आत्या तोंड फिरवून बसली. आतोबाच सारखं म्हणत होते, "मी ओढली ती हवा. मठ्ठा नंतर आपला आपण आला."

हसण्यासारखं इथवरच आहे. मी शाळेत असतानाच आत्याला जिना चढताना धाप लागू लागली, मग नुसतं उठताना लागू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काळीज थकलंय, वजन उचलायचं नाही, घागर तर नाहीच नाही. आत्याने कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घागर उचलली. आतोबांनी विनवण्या केल्या. मी आणतो, कुणाला हात लावणार नाही, म्हणाले. ती म्हणाली, "तुम्ही लावणार नाही हो, तुमचा हात लावतो." वडिलांनी पाणक्या ठेवू म्हटलं, आईने सोवळं सैल करा म्हटलं. आत्या सगळ्यांचं ऐकून घेई, त्यासाठी बसून घेई, आणि दम परत आला की पुन्हा पायऱ्यांकडे निघे. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. आतोबा कचेरीत जाताना फाटकापाशी थांबून मागे बघत, हे मी त्या वर्षी सुट्टीत तिकडे राहिले होते तेव्हा पाहिलं आहे. ती पायरीवर बसून घागरीवर हात टेकून श्वास गोळा करत असे, आणि आतोबांच्या खिशात ती नळी असे. जगातलं कुठलंही पाणी भिंतीवरून उतरवता येतं असं म्हणणाऱ्या माणसाला आपल्याच घरातली भिंत आड आली होती.

त्यांनी पहिला प्रयोग नेहमीसारखा केला. हौदातून भिंतीवरून नळी टाकली, पडवीत येऊन तोंडाने ओढली, आणि कळशीत पाणी पडायला लागलं. आत्या दुरून पाहत होती.

"उष्टं," ती म्हणाली.

"अगं, माझ्या तोंडात पाणी आलंच नाही. नळीतली हवा तेवढी आली."

"तोंड लागलं ते लागलं. देवाला सांगू का, हवाच होती म्हणून?"

मग आतोबांनी कुठूनसा जुन्या मोटारीच्या भोंग्याचा रबरी फुगा मिळवला. तोंडाऐवजी तो दाबून सोडला की हवा ओढली जाईल, असा हिशेब होता. ओढलीही गेली. फक्त भोंग्याची पुंगी काढायला ते विसरल्यामुळे भल्या पहाटे आत्याच्या सोवळ्याच्या पडवीत मोटार वाजली. आत्या त्याही स्थितीत हसली, मला आठवतं, आणि हसता हसता तिला धाप लागली. पुंगी काढून झाल्यावर तिने विचारलं, फुग्याच्या तोंडाशी ही चकती कसली? ती चामड्याची होती. आतोबांनी फुगा उचलला आणि शेजारच्या मुलांना देऊन टाकला.

त्यानंतर बरेच दिवस नळी खिशातच राहिली. कचेरीतून आले की हौदाच्या काठावर बसून राहत. एका रविवारी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आत्याला पडवीत पाटावर बसवलं आणि स्वतः ओल्या पंच्याने हौदापाशी गेले. सबंध नळी त्यांनी पाण्यात बुडवली, आतले बुडबुडे येऊन संपेपर्यंत धरली, एक टोक पाण्यातच ठेवलं, दुसऱ्यावर अंगठा दाबला आणि ते भिंतीवरून खाली धरलं. "हे टोक घे. अंगठा लाव आणि मग सोड." तोंड नाही, फुगा नाही, चामडं नाही. पाण्याने भरलेली नळी पाण्यातून निघून पाण्यातच जात होती. आत्याला काही चूक सापडेना. शेवटी ती म्हणाली, "पण रबर कशाचं करतात?"

झाडाचं, असं आतोबांनी किती सांगितलं तरी तिला पटेना. म्हणून ते तिला लालबागेत घेऊन गेले. मीही बरोबर होते. फाटकापासून आत जायला तिला फार वेळ लागला. थोडं चालायचं, बाकावर बसायचं, पुन्हा थोडं चालायचं. आतोबा तिच्यापुढे चालत नव्हते आणि मागेही नव्हते. रबराच्या झाडापाशी त्यांनी माळ्याला हाक मारली. "अण्णा, एक पान तोडून दाखवा. स्वल्प चीक बघायचाय ह्यांना." माळी बुचकळ्यात पडला, पण त्याने पान तोडलं. देठातून पांढरा चीक आला. आत्याने तो बोटावर घेतला, चोळला, ताणून पाहिला.

"हा तर फणसाच्या चिकासारखाच आहे की," ती म्हणाली.

"तसाच. झाडाचा."

"मग आधी नाही का सांगायचं?" ती म्हणाली. आतोबांनी मान खाली घालून चूक कबूल केली. परतताना त्यांनी फाटकाबाहेर तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. आत्याने "ह्या वयात?" म्हणत तो माळला. तिला मी एवढी दमलेली आणि एवढी खुशीत कधीच पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात पाणी भिंतीवरून येऊ लागलं. पहाटे कप्पीची कुरकुर थांबली की आत्या पडवीत पाटावर बसे. भिंतीवरून आतोबांचा हात येई, खालून आत्याचा हात वर जाई, अंगठ्याखालून अंगठा निघे. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नसत.

"सोडू?" आत्या विचारी.

"सोड."

आणि पाणी पडायला लागे. कळशी, तपेली, देवाचा तांब्या भरेपर्यंत दोघं भिंतीवरून बोलत बसत. कचेरीत कुणाची म्हैसूरला बदली झाली, दूधवाला कसा वागतो, माझं लग्न कधी आणि कुठे करावं, सगळं तिथे ठरे. एरवी आत्या त्यांच्याशी कामापुरतंच बोले आणि आतोबा ऐकण्यापुरतेच घरात असत. भांडी भरली की ती "साकु" म्हणे. पुरे म्हणायला ती कायम कानडीतलं साकुच वापरी. मग आतोबा वरचं टोक पाण्याबाहेर काढत, नळीत हवा शिरे आणि पाणी थांबे. आता खरं म्हणजे त्या वरच्या टोकाला एक दगड बांधून हौदात सोडला असता तर ते धरून उभं राहायची गरज नव्हती. हे मला कळत होतं, माझ्या धाकट्या भावालाही कळत होतं. सायफनमधलं सगळं कळणाऱ्या आतोबांना ते कळलं नसेल, हे शक्यच नाही. त्यांनी दगड कधी बांधला नाही. थंडीत ओल्या पंच्याने कुडकुडत ते रोज टोक धरून उभे राहिले.

आत्या त्यानंतर डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरीच वर्षं जगली. डॉक्टर औषधाचा गुण म्हणाले, आत्या देवाची कृपा म्हणाली, आतोबा रोज हौद भरत राहिले. घागर तिने पुन्हा उचलली नाही. मधल्या काळात जयनगर भरलं, शेतं गेली, नळाला पाणी आलं. आत्याने नळाचं पाणी भांडी घासायला घेतलं, देवाला नाही. मग एका दुपारी जेवण आवरून ती पडवीत जरा आडवी झाली, आणि उठली नाही. आतोबा कचेरीतून निवृत्त झालेले होते. ते शेजारीच पेपर वाचत होते आणि बराच वेळ त्यांना वाटलं की तिला झोप लागली आहे. याचं मला आजही वाईट वाटतं. तिचा श्वास ऐकायची सवय त्या माणसाला किती वर्षांची होती.

दिवसवार झाले, पाहुणे गेले. आमच्याकडे कॉटनपेठेत चला, असं वडील परोपरीने म्हणाले, पण ते तयार होईनात. म्हणून मला काही दिवस सोबतीला ठेवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. पहिल्याच पहाटे कप्पीच्या आवाजाने जाग आली. स्वयंपाकघरात नळ होता, सोवळं पाळणारं कुणी उरलं नव्हतं, तरी ते पाणी ओढत होते. मी पडवीत आले तेव्हा भिंतीवरून त्यांचा हात आला होता आणि अंगठ्याखाली नळीचं टोक धरून तसाच थांबला होता. मी पुढे होऊन हात वर केला.

"तुझी अंघोळ झालीय?" पलीकडून आवाज आला.

"नाही अजून."

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि हात मागे गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी उठले. थंड पाण्याने अंघोळ केली, ओली साडी तशीच नेसून आत्याच्या पाटावर बसले. हात आला. मी टोक घेतलं, अंगठा लावला. त्यांच्या अंगठ्याची कातडी पाण्याने सुरकुतली होती.

"सोडू?"

जरा वेळाने ते म्हणाले, "सोड."

कळशीत पाणी पडायला लागलं. मग भिंतीपलीकडून आतोबा बोलू लागले, सहज, रोजच्या आवाजात. "अगं, मार्केटात अवऱ्याच्या शेंगा आल्यात म्हणे. जरा महाग आहेत. आणू का थोड्या?"

मी काहीच बोलले नाही. खाली कोण बसलंय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, माझा हात त्यांनी पाहिला होता. तरी मी बोलले असते तर तो आवाज माझा निघाला असता. "आणू?" त्यांनी पुन्हा विचारलं. कळशी भरली. साकु म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते मिटून घेतलं. पाणी कळशीवरून वाहू लागलं, पाटाखालून गेलं, सगळ्या पडवीभर पसरलं. मी नळी तशीच धरून रडत बसले. मग नळीला हिसका बसला, हवा शिरली आणि पाणी थांबलं.

ते भिंतीला वळसा घालून, पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओल्या जमिनीकडे पाहिलं.

"पहिल्या पहिल्यांदा तिच्याकडूनही कळशी अशीच भरून वाहायची," ते म्हणाले. मग कोपऱ्यातलं फडकं घेऊन ते माझ्या शेजारी पडवी पुसायला बसले.